युतीच्या सरावातलं मराठी गाव

कॅम्पच्या गोष्टी सांग म्हणून मला आग्रह करावा लागत नाही. कुणाच्याही बेसमेंटमध्ये जेवणं उरकली, मंडळी भिंतीला टेकून बसली आणि बडीशेपेची वाटी फिरली, की माझं तोंड सुटतं. एक सांगायला घेतली की तिला गुंतून दुसरी येते. ड्रायरमधल्या कपड्यांतून एक मोजा ओढावा आणि त्याच्याबरोबर चार नाड्या बाहेर याव्यात, तसं होतं. हसण्यासारख्या गोष्टी आधी निघतात. बाकीच्या तळाला असतात, पण त्याही येतात. मी नागपूरची आहे, मधेच थांबायची आम्हाला सवय नाही.

कॅम्प म्हणजे काय ते आधी सांगते. अटलांटिकच्या या काठावरच्या आणि त्या काठावरच्या देशांची मिळून एक लष्करी युती आहे, पेपरात वाचता ती. माझ्या आईबाबांच्या लग्नाआधीची. रशियाला धाकात ठेवायला काढलेली. एकावर वार झाला तर तो सगळ्यांवर वार, हे तिचं मूळ वचन. रशियाचं प्रकरण मिटल्यावर तिला फारसं काम उरलं नव्हतं. मग २००१ चे हल्ले झाले आणि ही युती थेट अफगाणिस्तानात जाऊन पोचली. तिकडे जाणाऱ्या अधिकाऱ्यांना सराव हवा, सरावाला गाव हवं आणि गावाला माणसं हवीत. न्यू जर्सीतल्या पाईनच्या जंगलात प्लायवूडचं ते गाव होतं, आणि ती माणसं म्हणजे आम्ही. न्यू जर्सीतल्याच पिस्कॅटवेचा मराठी नाटक ग्रुप!

* * *

पहिली गोष्ट कॅम्पच्याही आधीची, २००१ च्या फॉलमधली.

दामले काका आमच्या ग्रुपचे दिग्दर्शक. सत्तरच्या दशकात आलेले सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले आणि वीकेंडला नाटकं बसवली. तालमीत कुणी वाक्य गाळलं तर रागवायचे नाहीत, चष्मा काढून डोळे मिटून बसायचे. त्याचीच जास्त भीती वाटायची.

त्या फॉलमध्ये सगळेच घाबरलेले होते. तेव्हा बातमी आली की युतीने आपलं वचन पाळायचं ठरवलंय आणि युरोपातले वैमानिक रडारची विमानं घेऊन अमेरिकेच्या आकाशावर पहारा द्यायला येताहेत. काका तालीम थांबवून बोलायला लागले. इतकी वर्षं सगळे धरून चालले होते की वेळ आली तर आपण त्यांना वाचवायला जायचं, आणि बघा, तेच आपल्याला वाचवायला आले! वचन म्हणजे वचन, असं ते दोनदा म्हणाले.

शिरीष तेव्हा पुण्याहून एच-वन व्हिसावर नुकताच आलेला. तो म्हणाला, काका, यात 'आपण' म्हणजे नक्की कोण? परवा गॅस स्टेशनवर एकाने मला घरी जा म्हणून सांगितलं. काकांनी दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा छोटा झेंडा आणून शिरीषच्या गाडीला स्वतः लावून दिला.

त्यांचा मुलगा अमेय तेव्हा युनिव्हर्सिटीत होता. तालीम त्यांच्याच बेसमेंटमध्ये असायची, तो जिन्यावर बसून दुधातलं सीरियल खात आमचं ऐकायचा. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. डिग्री हातात पडली तसा तो आर्मीत दाखल झाला. काकांनी ही बातमी आम्हाला तालमीतच सांगितली.

"वचन म्हणजे वचन असं मीच घोकत होतो ना," ते म्हणाले, "पोरं आपलं कधी ऐकत नाहीत म्हणतात. याने ऐकलं."

* * *

माझी टेलिकॉम कंपनीतली नोकरी २००२ मध्ये गेली. पिस्कॅटवेत तेव्हा ज्याला त्याला लेऑफ, पार्किंग लॉट ओस पडलेले. मिळेल ते काम बघता बघता मी एका काँट्रॅक्टरकडे पोचले. सरावाला लागणारी गावं आणि गावकरी पुरवणं हा त्याचा धंदा. माझा बॉस डेनिस, आर्मीतून रिटायर झालेला सार्जंट, मोठ्या पोटाचा आणि मऊ मनाचा. त्याला अफगाण माणसं हवी होती आणि आसपास एवढी अफगाण माणसं मिळत नव्हती. मी सहज बोलून गेले की आमचा नाटक ग्रुप आहे. त्याने मला खुर्ची पुढे सरकवून दिली.

डेनिसचं म्हणणं सरळ होतं. अधिकाऱ्यांना भाषा कळता कामा नये, दुभाष्यामार्फत बोलायची सवय व्हायला हवी. भाषा कुठली याने काय फरक पडतो? अशा रीतीने आम्ही मराठी बोलणारे अफगाण झालो. दामले काका गावचे म्हातारे पुढारी, त्यांच्या पत्नी सुमन काकू बुरखा घेऊन विहिरीपाशी, शिरीष कायम जखमी आणि मी दुभाषी.

काकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, ओव्हरॲक्टिंग नको. मग स्वतःच काठी आपटत असे काही गरजले की एका देशाचे दोन अधिकारी घाबरून गावाबाहेर गेले आणि मदत मागवून बसले.

उत्तरेकडच्या कुठल्याशा देशाचा एक सहा फुटी कॅप्टन होता. फार सज्जन. दुभाष्यावर विसंबून राहणं त्याला पटत नव्हतं, म्हणून लंच ब्रेकमध्ये तो काकांच्या शेजारी बसून भाषा शिकायचा. जाताना त्याने हात जोडून चक्क म्हणून दाखवलं, "नमस्कार काका, तुमचं गाव छान आहे, आम्ही मदत करायला आलो आहोत." आम्ही टाळ्या वाजवल्या. तो गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की ही मराठी आहे हे याला आपण सांगितलंच नाही! मी डेनिसकडे निरोप द्यायला धावले, तर त्यांचं विमान निघून गेलेलं.

तिकडे खऱ्या डोंगरातल्या खऱ्या म्हाताऱ्यापुढे तो हात जोडून मराठी बोलला असणार. समोरच्याच्या हातात तेव्हा काय होतं कोण जाणे. आम्ही पुष्कळ वर्षं या गोष्टीवर हसलो, आता मी ती फक्त सांगते.

* * *

२००३ मध्ये इराकवरून युतीतच जुंपली. निम्मे म्हणत होते जायचं, निम्मे म्हणत होते अजिबात नाही. टीव्हीवर मंत्री एकमेकांची उणीदुणी काढत होते, आणि नेमके तेव्हाच आमच्याकडे एक अमेरिकन मेजर आणि त्याचा जोडीदार म्हणून समुद्रापलीकडचा एक मेजर आले. दोघांचे देश दोन टोकांना.

त्या दिवशीचं आमचं स्क्रिप्ट असं, की गावातले दोन गट पाण्यावरून भांडतात आणि दोन्ही मेजर मिळून त्यांचा समेट घडवतात. आम्ही जय्यत तयारीने बसलेलो. शिरीषने तर भांडणासाठी नवीन शिव्या पाठ केल्या होत्या. मेजर आले, आमच्यासमोर बसले, आणि कशावरून कोण जाणे, त्यांचंच सुरू झालं. तुम्ही ऐन वेळी पाठ फिरवता, तुम्ही आधी ठरवता आणि मग विचारता, तुमच्यासाठी आमची माणसं का मरावीत. आवाज चढत गेले. आम्ही समोर बसलेलो असल्याचं दोघांच्याही लक्षात नव्हतं.

शेवटी काका उठले, सुमन काकूंच्या थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला, एकेक त्यांच्या हातात दिला आणि दोघांच्या मधे फतकल मारून बसले. म्हाताऱ्यासमोर भांडायचं कसं! दोघं गप्प चहा प्यायले. वेळ संपली.

घरी येताना शिरीष म्हणाला, आपलं भांडण राहूनच गेलं, पुढच्या बॅचला दुप्पट करू.

* * *

पुढच्या वर्षी युतीत नवे देश आले, पूर्वी पलीकडच्या गोटात असलेले. त्यांच्यातला एक वयस्क कर्नल काकांना चिकटला. दोघंही साठीकडे झुकलेले आणि दोघंही पुलांचे जाणकार. काकांनी पूल बांधलेले, कर्नलने पूल उडवायचं शिक्षण घेतलेलं.

त्याने सांगितलं की तरुणपणी अनेक वर्षं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, ही युती मोडायची कशी. कुठे उशीर होतो, कुणाला कुणाची परवानगी लागते, कुठे एकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो, सगळं त्याला पाठ. आता तो त्याच युतीचा अधिकारी होता.

काकांनी विचारलं, मग हे तुम्ही यांना सांगितलंत का?

"कुणी विचारलं नाही," कर्नल म्हणाला. "सगळे मला फक्त वेलकम म्हणतात."

* * *

आता २००६. यातली अर्धी गोष्ट मी हसत सांगते.

शिरीष नेहमीप्रमाणे जखमी. पोटावर लाल रंग ओतून तो चौकात आडवा पडलेला. वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांनी मिळून त्याला वाचवायचं, एवढाच सराव. पण या युतीत प्रत्येक देशाने आपापल्या सैनिकांना आपापल्या अटी घालून दिलेल्या. एकजण म्हणाला, माझ्या माणसांना ओढ्यापलीकडे जायची मुभा नाही. दुसऱ्याला आधी राजधानीत फोन करायचा होता, आणि तिकडे ऑफिस बंद झालेलं. तिसऱ्याकडे हेलिकॉप्टर होतं. पण अंधार पडल्यावर उडायचं नाही अशी त्याच्या देशाची अट होती, आणि कागदावरच्या सरावात तेव्हा रात्र होती. ऊन लख्ख पडलेलं, आणि हे सगळे अंधार झाला म्हणून थांबलेले!

शिरीषला मुंग्या चावायला लागल्या. शेवटी तो पडल्या पडल्या ओरडला, अरे यार, मला कुणीतरी एकदाचं मारून टाका! मी भाषांतर केलं की पेशंटच्या वेदना वाढल्या आहेत. डेनिसने हात वर करून जाहीर केलं की पेशंट मेला, आता लंच. लंचनंतर शिरीषला जिवंत करून पुन्हा तिथेच झोपवलं.

सगळे हसत होते. काका हसले नाहीत. अमेय तेव्हा अफगाणिस्तानच्या दक्षिण भागात होता, याच युतीच्या कमांडखाली.

परत येताना मी त्यांच्या गाडीत होते. टर्नपाइकच्या हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "वर्षा, हे खरंच असं असतं का गं? की सराव अवघड व्हावा म्हणून रचतात?"

मला डेनिसने जे सांगितलं होतं ते मी सांगितलं. खरंच असं असतं. प्रत्येक देशाची स्वतःची यादी आहे, आम्ही ती फक्त वापरतो.

सुमन काकू मागच्या सीटवर होत्या. त्यांनी पर्समधून जपमाळ काढली आणि मला वाटलं आपण खोटं बोलायला हवं होतं.

* * *

अमेय २००७ मध्ये गेला.

युनिफॉर्ममधली दोन माणसं दाराशी आली तेव्हा काकू अंगणातली तुळशीची कुंडी आत घेत होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, त्यांना बघितल्याबरोबर कळलं, पण तोंडातून निघालं ते "पाणी घेणार का?" एवढंच. त्या दोघांनी पाणी घेतलं. त्यांना बिचाऱ्यांना नाही म्हणवलं नाही.

दिवसकार्याला आमचं अख्खं मराठी मंडळ लोटलं. माणसं चांगली असतात हो, पण तोंडं उघडली की काय निघेल नेम नाही. एका बाईंनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, तुमच्याकडे सिटिझनशिप होती ना, मग त्याला आर्मीत जायची काय गरज होती? मी त्या बाईंना किचनमध्ये नेऊन जे बोलायचं ते बोलले. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. ते एक बरं झालं.

मग अमेयच्या युनिटमधला एक मित्र सुट्टीवर आला, टेक्ससहून खास भेटायला. त्याने सांगितलं की अमेय रात्री जखमी झाला आणि बराच वेळ शुद्धीत होता, बोलत होता. जवळच्या तळावर दुसऱ्या एका देशाचं हेलिकॉप्टर उभं होतं, यांनी परत परत निरोप दिले, पण ते आलं नाही. अमेरिकन हेलिकॉप्टर लांबून यायला निघालं आणि ते पोचेपर्यंत सगळं संपलं. ते जवळचं का आलं नाही, हे त्या मित्रालाही कुणी सांगितलं नव्हतं.

काकांना तेवढंच हवं होतं. रागवायचं नव्हतं, कोर्टात जायचं नव्हतं. ते का आलं नाही हे कुणीतरी समोर बसून सांगावं, बस्स. त्यांनी आर्मीत विचारलं, तर हा दुसऱ्या देशाचा विषय आहे म्हणाले. त्या देशाच्या वकिलातीत विचारलं, तर हा युतीचा विषय. युतीकडे विचारलं, तर प्रत्येक देश स्वतंत्र आहे असं अगदी नम्र उत्तर आलं. मी त्यांना म्हटलं, काका, आपल्याला अंदाज आहे ना. ते म्हणाले, अंदाज मला पुलाचाही असतो, पण मी भार मोजल्याशिवाय सही करत नाही.

त्या थंडीत एकदा शिरीष त्यांच्याकडे बसून पेपर वाचत होता. युती आणखी वाढवायची का, साठाव्या वर्षानंतर ती टिकेल का, असं काहीतरी कुणा तज्ज्ञाने लिहिलेलं. बोलायला विषय म्हणून त्याने काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, टिकेल का?

उत्तर सुमन काकूंनी दिलं, पोळी लाटता लाटता. "टिकेल. मरतात ती माणसं. युत्यांना काय धाड भरलीय?"

* * *

आता शेवटची. ही सांगायला मला बडीशेप लागत नाही, पाणी लागतं.

२००८ च्या स्प्रिंगमध्ये नवी बॅच यायची होती. काकांना बोलवायचं नाही असं डेनिसने आणि मी ठरवलं होतं. काकांचाच फोन आला, माझा रोल कुणाला दिलास? मी अडखळत सांगितलं की या वेळचं स्क्रिप्ट वेगळं आहे. गावातल्या म्हाताऱ्याचा मुलगा जखमी होऊन मरतो, हेलिकॉप्टर आलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी एक अधिकारी म्हाताऱ्याकडे दुःख व्यक्त करायला येतो. तो शिकायला आलेला असतो की अशा वेळी लोकांचा राग कसा शांत करायचा. मग काका म्हणाले, किती वाजता यायचं?

प्लायवूडच्या घरासमोर ते खुर्चीत बसले. मी शेजारी उभी. डेनिस गावाच्या दुसऱ्या टोकाला चेकपोस्टवर होता. आमच्यामागे मार्क देणारा एक नवीन कर्नल उभा होता, त्याला आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. समोरून एक पंचविशीतला लेफ्टनंट आला. त्याच्या बाहीवरचा झेंडा मी बघितला. तोच देश, ज्याचं हेलिकॉप्टर आलं नव्हतं. काकांनीही बघितला.

लेफ्टनंटने हेल्मेट काढलं, खाली बसला आणि शिकवलेलं वाक्य म्हणाला. मी मराठीत सांगितलं, "तुमचा मुलगा गेला, आम्हाला फार वाईट वाटतं, असं म्हणतोय."

स्क्रिप्टप्रमाणे काकांनी इथे उठून काठी फेकायची होती. ते उठले नाहीत.

"याला विचार, हेलिकॉप्टर जवळच होतं ना?"

मी विचारलं. लेफ्टनंटने हातातल्या कार्डाकडे बघितलं आणि हो म्हणाला.

"मग का नाही आलं?"

तो पोरगा कार्ड उलटंपालटं करत राहिला. त्यात हे नसावं. मग त्याने ते खिशात ठेवलं आणि सरळ काकांकडे बघून बोलला. अंधारात उडायची आम्हाला परवानगी नाही. आमच्या संसदेने घातलेली अट आहे.

"तेवढ्यापुरती परवानगी मागता येते का?"

येते, तो म्हणाला.

"मागता का?"

त्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. घामाने त्याची कॉलर भिजली होती. मग म्हणाला, नाही. कुणी मागत नाही. मागितली आणि काही झालं तर मागणाऱ्यावर येतं, म्हणून सकाळची वाट बघतात.

मी हे मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी हात करून मला थांबवलं. ते पुढे वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्लिशमध्ये म्हणाले, "थँक यू, सन. इतक्या दिवसांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

लेफ्टनंटचा चेहरा पांढरा पडला. तो काकांकडे बघतच राहिला.

"स्टॉप," मागून कर्नल म्हणाला. त्याच्या मते सीन बिघडला होता. गावकऱ्याला इंग्लिश येता कामा नये. म्हातारा चिडलाच नाही, मग लेफ्टनंट शिकणार काय? पुन्हा करा, आणि या वेळी त्याला एवढ्या सहज सोडू नका.

मी कर्नलकडे वळले. काकांनी माझं मनगट धरलं. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, खुर्ची होती तिथे नीट सरकवली आणि बसले.

"वर्षा," ते म्हणाले, "कुठून घ्यायचं?"